'डाऊन आहे, मग असंच असायचं' : वाचकांचे प्रश्न

दर वर्षी २१ मार्चला जागतिक डाऊन सिंड्रोम दिन असतो. तिसरा महिना, एकविसावी तारीख. कारण डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. त्यानिमित्त प्रश्न मागवले, तर पत्रापत्रांतून एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडी भेटलं : "डाऊन आहे ना, मग असंच असायचं." दूध ओढत नाही, बोलत नाही, घोरतो, गप्प बसते, सगळ्याला हेच उत्तर. आम्हाला ते मान्य नाही. जादा गुणसूत्र काढून टाकता येत नाही हे खरं. पण त्याच्या आडोशाला हृदयाचे, थायरॉइडचे, कानांचे, झोपेचे जे त्रास लपून राहतात, ते शोधता येतात आणि बहुतेकांवर चांगले उपचार आहेत. बालरोगतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांनी मिळून खालची उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : नातवाला आज बारा दिवस झाले. डॉक्टरांनी डाऊनची शंका सांगून रक्त पाठवलंय, रिपोर्टला दोन आठवडे लागतील म्हणाले. बाळ दूध नीट ओढत नाही, एकेका वेळेला तास-तास जातो, मध्येच झोपतं. जीभ सारखी बाहेर. तोवर आम्ही काय करायचं?
– एक आजी, मिरज

उत्तर : आजी, रिपोर्टसाठी काहीही अडवून ठेवू नका. तो येईल तेव्हा येईल. त्यात '४७, एक्सवाय, अधिक २१' (एकूण ४७ गुणसूत्रं, जादाचं एकविसावं) असं काहीसं लिहिलेलं असलं तर निदान पक्कं. शंभरातल्या साधारण पंच्याण्णव मुलांत हाच प्रकार असतो. तो कागद आयुष्यभर जपून ठेवा. पुढच्या बाळंतपणाच्या वेळी तोच लागतो.

आत्ता पहिलं काम हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी एको. डॉक्टरांनी नळी लावून "आवाज काही नाही" म्हटलं तरी करायचीच. डाऊन असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असतो. त्यातला एक मोठा दोष, हृदयाच्या मधल्या पडद्यातलं मोठं भोक, सुरुवातीला मुळीच आवाज करत नाही. कारण दोन्ही बाजूंचा दाब सारखा असतो आणि रक्त जोरात उसळत नाही. बाळ बरं दिसतं, महिने जातात आणि तेवढ्यात फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या कडक होऊ लागतात. या दोषाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात करतात. फार उशीर झाला तर ती करताच येत नाही. म्हणून एको याच आठवड्यात.

आता दुधाचं. जीभ मोठी नाही. तोंडाची पोकळी लहान आणि जिभेचे, ओठांचे, गालांचे स्नायू सैल, म्हणून ती बाहेर येते आणि ओढायची ताकद कमी पडते. सूनबाईंना असं धरायला सांगा : बाळाचं डोकं पोटापेक्षा उंच, मान आणि पाठ एका रेषेत, आडवं निजवून पाजायचं नाही. स्तन खालून तळहातावर तोलायचा. अंगठा बाळाच्या एका गालावर, तर्जनी दुसऱ्या गालावर आणि हनुवटी दोन्हींच्या बेचक्यात टेकलेली. गाल हलकेच आत दाबले की तोंडाची पकड घट्ट होते आणि कडेनं दूध सांडायचं थांबतं. सुरुवातीला थोडं दूध हातानं काढून टाकलं तर पान्हा फुटलेला असतो, बाळाला पहिले घोट फुकट मिळतात. एका वेळचं पाजणं अर्ध्या तासापुढे नेऊ नका. त्यापुढे बाळ मिळवतं त्याहून जास्त खर्च करतं. उरलेलं दूध काढून बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं द्या. बोंडल्याचं टोक खालच्या ओठावर टेकवायचं, दूध घशात ओतायचं नाही. दिवसा दर दोन-अडीच तासांनी उठवून पाजा, रात्री तीन तासांवर अंतर जाऊ देऊ नका. ही बाळं भुकेनं रडून उठतीलच असं नाही. "शांत आहे बिचारं, झोपू दे" यातच वजन घटतं.

आठवड्याला एकदा, एकाच काट्यावर, कपड्यांशिवाय वजन. दोन आठवडे पूर्ण झाल्यावरही जन्माचं वजन भरून आलेलं नसेल तर दाखवा. पिताना कपाळावर घाम, छातीच्या फासळ्या आत ओढल्या जाणं, ओठ निळसर होणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हिरवी उलटी किंवा टम्म फुगलेलं पोट असेल तर तासाभराचीही वाट नको. आतड्याचे अडथळे या बाळांत जास्त आढळतात.

एक गोष्ट आग्रहानं. न्हाऊ घालणाऱ्या बाई हातपाय ताणून, बाळाला उलटं धरून, मान धरून व्यायाम देतात, ते पूर्ण बंद. सांधे आणि मानेचे बंध आधीच सैल आहेत. हलक्या हातानं तेल लावा, बस. गुटी नको, मधाचं बोट नको.

याच महिन्यात रक्ताची संपूर्ण तपासणी आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, करून घ्या. टीएसएच पुढे सहाव्या महिन्यात, वर्षाचं झाल्यावर आणि मग दर वर्षी, जन्मभर. कानांची चाचणी तीन महिन्यांच्या आत. डोळे सहा महिन्यांच्या आत, मोतीबिंदूसाठी. जिल्हा रुग्णालयातल्या बालकांच्या अर्ली इंटरव्हेन्शन केंद्रात, डीईआयसीमध्ये, नाव घाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे आणि तिथे तपासणी, फिजिओ, स्पीच मोफत मिळतं.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा. चालायला अडीच वर्षं लागली, आता पळतो. पण शब्द आठ-दहाच. 'ही मुलं उशिराच बोलतात, थांबा' असं सगळे सांगतात. घरी आम्ही मराठी, आजी-आजोबा कोकणी बोलतात. एकच भाषा ठेवा असा सल्ला मिळालाय. बालवाडी म्हणते, बोलायला लागला की आणा.
– एक आई, फोंडा

उत्तर : थांबू नका, आणि सुरुवात कानांपासून करा. जन्माच्या वेळी चाचणी पास झाली असली तरी आजचं ऐकणं आज तपासायला हवं. डाऊन असलेल्या निम्म्याहून जास्त मुलांना कधी ना कधी कमी ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा कारण असतं पडद्यामागे साचलेलं चिकट पाणी. ते दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कळत नाही. मूल हाकेला कधी बघतं, कधी बघत नाही आणि घरचे म्हणतात, हट्टी आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून मळ काढून घ्या (कानाची नळी इतकी अरुंद असते की मळानंच ती बुजते), मग इम्पिडन्स (पडद्यामागे पाणी आहे का ते बघणारी चाचणी) आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी). पाणी तीन महिन्यांत ओसरलं नाही तर पडद्यात ग्रोमेट नावाची इवली नळी किंवा काही काळ श्रवणयंत्र, असे मार्ग आहेत. दोन्ही कान चांगले आहेत असं नक्की होईपर्यंत दर सहा महिन्यांनी चाचणी, मग वर्षातून एकदा.

दोन भाषांबद्दल काळजी सोडा. डाऊन असलेली मुलं दोन भाषांत वाढू शकतात, आणि एक काढून घेतल्यानं दुसरी लवकर येत नाही. आजीची कोकणी काढून घेतली तर तो एवढंच गमावेल की आजी त्याच्याशी बोलायची थांबेल.

या मुलांची एक ठेवण ध्यानात घ्या : ऐकलेलं लक्षात ठेवणं कठीण, पाहिलेलं लक्षात ठेवणं पुष्कळ सोपं. कळतं जास्त, बोलता येतं कमी. म्हणून शब्दासोबत खूण करा. 'पाणी' म्हणताना अंगठा ओठांकडे, 'संपलं' म्हणताना दोन्ही हात उलटे, 'अजून' म्हणताना तळहातावर बोटं. घरात सगळ्यांनी एकच खूण वापरायची, आणि ती करताना शब्द तोंडानं म्हणायचाच. खुणा शिकवल्या की मूल बोलायचं सोडतं, ही भीती निराधार आहे. शब्द यायला लागला की खूण आपसूक गळते. तुम्ही काही विचारलं की गप्प राहून मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक आया तिसऱ्या आकड्याला स्वतःच उत्तर देऊन टाकतात.

दुसरं साधन वाचन, आणि हो, बोलायच्या आधी. पोस्टकार्डाएवढे जाड कागद घ्या, काळ्या स्केचपेननं मोठ्या ठळक अक्षरात एकेक शब्द लिहा. अक्षरं सुटी शिकवायची नाहीत, अख्खा शब्द चित्रासारखा ओळखायचा. सुरुवातीचे शब्द त्याच्या रोजच्या जगातले आणि दिसायला एकमेकांपासून दूरचे असावेत : 'आई', 'केळं', 'चप्पल'. इथे एक चूक सर्रास होते. हौसेनं 'बाबा', 'मामा', 'काका' एकत्र घेतले जातात. नीट बघा, तिन्हींचा साचा एकच : दोन सारखी अक्षरं, दोन काने. मूल गोंधळतं आणि आपण म्हणतो, याला जमत नाही. पायऱ्या तीन. आधी सारख्याला सारखं : फोटोखाली 'आई' लिहिलेलं आहे, हातातलं 'आई' कार्ड त्यावर ठेव. मग निवड : दोन कार्डांतून "आई दे". शेवटी नाव : "हे काय?" तिसऱ्या पायरीला शब्दाऐवजी खूण केली तरी चालेल. हात चुकीच्या कार्डाकडे निघाला तर चूक होऊ देण्याआधीच हलकेच बरोबरकडे न्या. या मुलांच्या डोक्यात पहिली चूकही पक्की बसते. एका वेळेला पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. तो कंटाळायच्या आधी तुम्ही थांबा.

बालवाडीबद्दल. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेला दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो. 'बोलायला लागला की' ही अट त्यात बसत नाही. अर्ज लेखी द्या, नकारही लेखी मागा. पुष्कळदा तिथेच सूर बदलतो. आणि बोलणारी मुलं आजूबाजूला असणं हा त्याच्या बोलण्यावरचा मोठा उपचार आहे.

प्रश्न : पहिली मुलगी डाऊन. माझं वय २९. दुसरं मूल हवं आहे, पण सासूबाई म्हणतात पुन्हा तसंच होईल. माझ्यात दोष आहे का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : तुमच्यात दोष नाही. ग्रहणात काही चिरलं, पपई खाल्ली, यांचा याच्याशी काही संबंध नाही. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची जोडी सुटी व्हायची राहते. आईच्या वयाबरोबर ही शक्यता वाढते, पण ती कोणाच्याही बाबतीत घडू शकते.

मुलीचा रिपोर्ट काढा. एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन सुट्या प्रती असतील तर तुमच्या वयाला पुन्हा तसं होण्याची शक्यता साधारण शंभरात एक. रिपोर्टमध्ये 'ट्रान्सलोकेशन' असा शब्द असेल, म्हणजे जादा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असेल, तर मात्र तुम्हा दोघांचीही कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची, चाचणी हवी. आई वाहक असेल तर शक्यता शंभरात दहा-पंधरा, वडील वाहक असतील तर बरीच कमी. रिपोर्ट नसेल तर मुलीचं रक्त आधी द्या. दिवस गेल्यावर ही धावपळ नको.

पुढे दिवस राहिल्यावर दहाव्या आठवड्यापासून आईच्या रक्तावरची एनआयपीटी करता येते. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही रक्ताची चाचणी होतात. या सगळ्या चाळणी चाचण्या आहेत. 'हाय रिस्क' म्हणजे निदान नव्हे. खात्री वारेच्या किंवा गर्भजलाच्या तपासणीनंच होते. या चाचण्या करायच्या का आणि निकालाचं काय करायचं, हे तुम्ही दोघांनी आधी शांतपणे बोलून ठरवा. शक्य तर जेनेटिक समुपदेशकांसमोर. सासूबाईंना सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरातली हवा बदलते.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची. कार्यशाळेत कागदी पिशव्या करायची, गाणी म्हणायची. दिवाळीनंतर धाकट्या बहिणीचं लग्न झालं. तेव्हापासून हळूहळू बोलणं बंद. दिवसा पेंगते, वजन वाढलंय, अंघोळीलाही उठवावं लागतं. ओळखीचे म्हणतात, अशा मुलांचा मेंदू लवकर म्हातारा होतो.
– एक वडील, कोल्हापूर

उत्तर : एकोणिसाव्या वर्षी मेंदू म्हातारा होत नाही. डाऊन असलेल्यांना अल्झायमरचा धोका जास्त आणि लवकर असतो हे खरं, पण तो बहुधा चाळिशीनंतर. आलेलं कौशल्य गेलं, तर कारण शोधायचं. आणि ते क्रमानं शोधायचं, कारण साधी कारणं आधी सापडतात.

या आठवड्यात रक्त : टीएसएच, हिमोग्लोबिन, बी१२, ड जीवनसत्त्व, साखर आणि गव्हाच्या अॅलर्जीसारख्या सीलिअॅक आजाराची चाचणी. पेंगणं, वजन, मंदपणा, बद्धकोष्ठ ही थायरॉइड कमी पडल्याची ठळक लक्षणं आहेत, आणि रोज एका गोळीवर ती सुधारतात. गोळी उपाशीपोटी, लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीपासून चार तास दूर.

मग झोप. रात्री तीनच्या सुमाराला मोबाइलवर तिच्या झोपेचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. चेहरा आणि छाती दोन्ही दिसू द्या. घोरता घोरता श्वास थांबतो, मग धक्का बसल्यासारखी हुंदका देऊन घेते, मान मागे टाकून झोपते किंवा मांडी घालून पुढे वाकून बसल्या बसल्या झोपते? असं दिसलं तर हा स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा विकार, असू शकतो. खरं तर तीन-चार वर्षांच्या वयातच प्रत्येकाची झोपेची तपासणी व्हायला हवी. घोरणं म्हणजे गाढ झोप, असं समजून आपल्याकडे ती राहून जाते. व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा, स्लीप स्टडी मागा.

कान, डोळे, दात तपासा. या वयात बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याचा विकार होऊ शकतो, विशेषतः डोळे चोळायची सवय असेल तर. दिसेनासं झालं की माणूस कोपऱ्यात बसतो. दाढ दुखते हे तिला सांगता येत नसेल, पण ती एका बाजूनं चावत असेल. चालण्यात फरक पडला, पाय अडखळतात, लघवीवरचा ताबा गेला, मान वाकडी धरते, असं काही असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी मानेचे मणके तपासून घ्या.

आणि बहिणीचं लग्न. तिच्या बाजूनं बघा : रोज शेजारी झोपणारं माणूस वाजतगाजत गेलं आणि परत आलं नाही. घरात सगळे आनंदात, म्हणून तिचं दुःख कोणी विचारलं नसेल. नैराश्य या मुलांना येतं आणि ते शब्दांऐवजी असंच बाहेर पडतं. भिंतीवर मोठं कॅलेंडर लावा, बहीण ज्या दिवशी फोन करणार किंवा येणार त्या दिवसावर तिचा फोटो चिकटवा. वार ठरलेला असू द्या आणि तो चुकवू नका. त्याच वेळी, कार्यशाळेत किंवा वाटेत तिला कोणी त्रास दिला का, हेही हलक्या आवाजात, चित्रं दाखवून विचारा.

एवढं सगळं ठीक निघालं आणि तरी ती तासन्तास एकाच स्थितीत बसत असेल, खायला घास तोंडात धरून ठेवत असेल, स्वतःशीच पुटपुटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ दोघांना दाखवा. किशोर आणि तरुण वयात कौशल्य झपाट्यानं ओसरण्याचा एक विकार डाऊन सिंड्रोममध्ये वर्णिला आहे. त्यावर औषधं आहेत आणि लवकर सुरू केली तर उपयोग जास्त. "डाऊनच आहे" म्हणून कोणी परत पाठवलं तर दुसरे डॉक्टर गाठा. तिच्या दिवाळीआधीच्या गाण्याचा व्हिडिओ मोबाइलमध्ये असेलच, तो आधी दाखवा. आजची मुलगी बघून डॉक्टरांना काय हरवलंय ते कळत नाही.

प्रश्न : मुलगा पुढच्या महिन्यात १८ पूर्ण करतोय. बँक म्हणते पालकत्वाचा कागद आणा. आम्ही आई-वडील आहोतच की!
– एक आई, नाशिक

उत्तर : अठराव्या वाढदिवसाला कायद्यानं तुमचं नैसर्गिक पालकत्व संपतं, म्हणून बँक असं म्हणते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, अध्यक्ष जिल्हाधिकारी. तिथे अर्ज करायचा. न्यासाकडे नोंदलेली संस्था तो भरायला मदत करते. मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो लागतात. लहानपणी काढलेलं प्रमाणपत्र बहुधा मुदतीचं असतं, म्हणून अर्जाआधी त्याची तारीख बघा. पालक म्हणून नेमणूक झाली की सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्षाचा हिशेब समितीला द्यावा लागतो. हे पुष्कळांना कोणी सांगतच नाही.

पण अर्जाआधी मुलाला घेऊन बसा आणि कशासाठी पालकत्व हवंय ते ठरवा. खात्यातून शंभर रुपये काढून वडापाव घेणं त्याला जमत असेल, तर तो अधिकार त्याच्याकडेच राहू द्या. २०१६चा कायदाही मर्यादित पालकत्व, म्हणजे त्याच्याशी विचारविनिमय करून घेतलेले निर्णय, असंच म्हणतो. न्यासाची निरामय आरोग्य विमा योजनाही घ्या : वर्षाला एक लाखापर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी नाही, थेरपीचा खर्चही त्यात येतो. दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, ते विसरलं की संरक्षण खंडित होतं.

प्रश्न : शाळेच्या स्पर्धेआधी मानेचा एक्स-रे काढायलाच हवा का? मुलगी ८ वर्षांची, काही त्रास नाही.
– एक वडील, ठाणे

उत्तर : मानेचे बंध सैल असतात, म्हणून हा प्रश्न येतो. पण त्रास नसेल तर सरसकट एक्स-रेची शिफारस आता करत नाहीत, कारण आजचा चांगला एक्स-रे उद्याची हमी देत नाही. पळू द्या, पोहू द्या, नाचू द्या. कोलांटउड्या, डोक्यावर उभं राहणं, ट्रॅम्पोलिन हे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मान दुखणं, चाल बदलणं, हातातली ताकद कमी होणं हे शाळेतल्या सरांना आणि बाईंनाही सांगून ठेवा. आणि कधी दाताच्या किंवा टॉन्सिलच्या ऑपरेशनसाठी भूल द्यायची वेळ आली, तर भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी भेटून 'डाऊन आहे, मान जपून हाताळा' असं सांगा. केसपेपरवर ते लाल शाईत लिहून घ्या.